साकव बांधण्यापूर्वी पाणी मोजा

कोकणातील अनेक वाड्यांत घर पऱ्ह्याच्या एका अंगाला आणि भाताची खाचरे दुसऱ्या अंगाला असतात. पावसाळ्याच्या तोंडावर सुपारीची दोन-तीन खोडे आडवी टाकून साकव घातला जातो. लावणीच्या दिवसांत त्यावरून डोक्यावर रोपांचा भारा, खांद्यावर ४५ किलोची युरियाची गोणी आणि मागोमाग शाळेची मुले अशी सारखी ये-जा चालते. मग एका रात्रीच्या पावसात साकव वाहून जातो. लावणी खोळंबते, रोपांचे वय वाढते, फुटवे कमी येतात आणि उत्पादन घटते. कोणी पाण्यातून जाऊ लागला तर जिवावर बेतते. म्हणूनच कृषिविद्या शिकविणाऱ्याने साकवाविषयी लिहिणे अस्थानी ठरू नये.

ग्रामीण कृषी कार्यानुभव कार्यक्रमासाठी एका वाडीत राहिलेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी पायी जाण्याच्या साकवाचा आराखडा हा प्रकल्प घेतला होता. त्यात त्यांची एक चूक झाली आणि ती माझ्याही नजरेतून सुटली. त्या चुकीतून जे शिकायला मिळाले ते आपल्या उपयोगी पडेल, म्हणून येथे देत आहे.

पाण्याचा हिशेब

साकवाखालून किती पाणी जाणार, हा पहिला प्रश्न. एक हेक्टरवर १ मि.मी. पाऊस पडला म्हणजे १० घनमीटर, अर्थात १०,००० लिटर पाणी पडते. या पऱ्ह्याला ३६ हेक्टर क्षेत्राचे पाणी येते. तासाला १२० मि.मी. असा जोराचा पाऊस धरला, तर तासाभरात ४३,२०० घनमीटर पाणी पडेल. झाडी, वरकस जमीन व खाचरे लक्षात घेऊन त्यातील निम्मे वाहून येईल असे मानले. म्हणजे तासाला २१,६०० घनमीटर, सेकंदाला ६ घनमीटर.

पऱ्ह्याची सरासरी रुंदी ३ मीटर. पाण्याचा वेग सेकंदाला २ मीटर धरल्यास पाण्याची उंची १ मीटर येते. विद्यार्थ्यांनी तुळईचा तळ १.२ मीटरवर ठेवला, अरुंद जागा पाहून गाळा ४ मीटर धरला आणि नकाशा काढला. गणित बरोबर होते. मी तपासून सही केली.

करंजावरची खूण

नकाशा वाडीत दाखविला तेव्हा एका वयस्कर शेतकरी आजींनी तो पाहिलाच नाही. त्या आम्हांला पऱ्ह्यावर घेऊन गेल्या आणि काठावरील करंजाच्या फांद्यांत अडकलेले गवत व काटक्या दाखविल्या. टेप लावला. पुराची खूण तळापासून १.५ मीटरवर होती. आमचा साकव त्या पुरात पाण्याखाली गेला असता.

चूक कोठे झाली? खालच्या बाजूस जांभ्याचा जुना गडगा पात्रात ढासळलेला होता. त्यामुळे पाणी तुंबत होते आणि वेग २ मीटर न राहता सुमारे १.३ मीटरवर येत होता. वेग कमी झाला की तेवढेच पाणी जाण्यासाठी उंची वाढते. विद्यार्थ्यांनी ऑक्टोबरमध्ये पात्र मोजले, पण खालचा गडगा आणि वरची फांदी पाहिली नाही. कागदावरील गणित आवश्यक आहे. परंतु त्याची पडताळणी पुराच्या खुणेशी करावी आणि दोहोंपैकी जी उंची जास्त येईल ती धरावी.

वाहून येणारे ओंडके व पालापाचोळा सुखरूप खालून जावा यासाठी पुराच्या खुणेवर आणखी ६० सें.मी. मोकळी जागा सोडली. तुळईचा तळ २.१ मीटरवर गेला. जुन्या जागी काठ एवढा उंच नव्हता. पायऱ्या कराव्यात तर डोक्यावर भारा घेतलेल्या बाईने पाय कोठे टाकावा? म्हणून साकव १५ मीटर वर, उंच काठांच्या जागी सरकविला. तेथे गाळा ५ मीटरचा झाला.

गाळा वाढला की काय होते?

एक मीटरने असा काय फरक पडतो, असे वाटेल. पण तुळईला वाकविणारा जोर गाळ्याच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ४ चा वर्ग १६ आणि ५ चा २५, म्हणजे जोर दीडपटीहून अधिक झाला. सुदैवाने तुळईची ताकदही तिच्या उंचीच्या वर्गाने वाढते. त्यामुळे २० सें.मी. उंचीच्या जागी २५ सें.मी. उंचीची तुळई घेऊन काम भागले. १० सें.मी. जाड अशा तीन तुळया आराखड्यात धरल्या.

याच कारणाने चौकोनी लाकूड नेहमी उभ्या बाजूवर ठेवावे. १० बाय २० सें.मी.चे लाकूड आडवे ठेवण्याऐवजी उभे ठेवले तर ते दुप्पट भार पेलते आणि वाकते केवळ चौथाई.

भार किती धरावा?

पायी पुलासाठी दर चौरस मीटरला ४०० किलो भार धरण्याची पद्धत आहे. ५ मीटर लांब व १.२ मीटर रुंद साकवावर हा भार २,४०० किलो होतो. लाकडाचे वजन वेगळे. "एवढी माणसे येणार कोठून?" असे एका विद्यार्थ्याने विचारले. उत्तर वाडीतूनच आले : गणपती विसर्जनाच्या दिवशी. १५ जून २०२५ रोजी पुणे जिल्ह्यात कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पादचारी पूल पर्यटकांच्या गर्दीत कोसळला आणि चौघांचा मृत्यू झाला. पुरापुढे तर मोठे पूलही टिकत नाहीत. महाडजवळचा सावित्री नदीवरील जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात गेला व त्याबरोबर एस.टी. गाड्याही गेल्या. पूर आणि गर्दी या दोन्हींचा विचार आधीच करावा.

आपण काय करावे?

१. पावसाळ्यात पुराची उंची काठावरच्या झाडावर किंवा खडकावर रंगाने नोंदवावी व शेजारी तारीख लिहावी. ही नोंद अभियंत्याला फार मोलाची असते.

२. वाडीतील जाणत्या मंडळींना सर्वांत मोठ्या पुराची खूण विचारावी.

३. वळणावर साकव घेऊ नये; बाहेरचा काठ पाणी सतत कातरते. सरळ पात्र व घट्ट काठ असलेली जागा निवडावी.

४. लहान पऱ्ह्यात मध्ये खांब देऊ नये. त्याला पालापाचोळा अडकून पाणी तुंबते.

५. दोन्ही बाजूंचे दगडी टेकू काठाच्या आत घ्यावेत व पाया कातळापर्यंत न्यावा. टेकूच्या बाजूंना मोठ्या दगडांची पिचिंग करावी. पुष्कळदा तुळई शाबूत असते, पण टेकूखालची माती जाते.

६. फळ्यांमध्ये बोटभर फट ठेवावी, म्हणजे पाणी साचून लाकूड कुजणार नाही. एका बाजूला तरी कमरेएवढा कठडा असावाच.

७. दरवर्षी मे महिन्यात तुळईची टोके टोकदार खिळ्याने टोचून पाहावीत. खिळा सहज आत गेला तर तुळई बदलावी.

वरील मापे त्या एका पऱ्ह्यापुरती आहेत, ती जशीच्या तशी वापरू नयेत. विद्यार्थ्यांचा आराखडा हा अभ्यास असतो; प्रत्यक्ष बांधकामापूर्वी तो अभियंत्याकडून तपासून घेणे आवश्यक आहे. त्या वाडीने तसेच केले. ग्रामपंचायतीचा ठराव, नकाशा आणि करंजावरील खुणेचे मोजमाप असे तीन कागद जोडून जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागाकडे अर्ज दिला. तुमच्या वाडीचा अर्ज द्यायचा असेल, तर खुणेची नोंद याच पावसाळ्यात करून ठेवा.