टायरवरचे गणित

मोटारीच्या टायरवर ‘१६५/८० आर १४’ असे आकडे असतात. १६५ ही मिलिमीटरमधील रुंदी. ८० म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ८० टक्के, अर्थात १३२ मिलिमीटर. आर म्हणजे रेडियल बांधणी आणि १४ हा रिमचा इंचांतील व्यास. त्यावरून चाकाचा व्यास ३५५.६ + २६४ = ६१९.६ मिलिमीटर येतो.

आता १५ इंची रिम बसवू. १८५/६५ टायर घेतल्यास व्यास ६२१.५, जवळजवळ पूर्वीइतकाच. पण १६५/८० च ठेवल्यास तो ६४५ होतो, म्हणजे चार टक्के जास्त. वेगदर्शक चाकाचे फेरे मोजतो. पूर्वी तो अचूक असेल, तर आता ६० दाखवताना गाडी ६२ च्या वर धावते! म्हणून रिम वाढली की भिंत कमी हवी. भारक्षमता मात्र कमी नको.

विद्यार्थ्यांना उभ्या गाडीचे चाक मोजू द्यावे. उंची गणितापेक्षा थोडी कमी का भरते, हेही विचारावे.