गोठ्यात, पोल्ट्रीत काम करता? डॉक्टरांना हे सांगा

हातावरचे गळू चिरून साफ केले, अँटिबायोटिकचा कोर्स पूर्ण झाला, तरी पंधरा दिवसांत शेजारी दुसरे गळू आले. अशा रुग्णाला मधुमेह आहे का, हे आम्ही डॉक्टर हमखास विचारतो. घरी गोठा आहे का, पोल्ट्रीवर काम करता का, हे क्वचितच विचारले जाते. म्हणून ते रुग्णानेच आपणहून सांगितलेले बरे. कारण काय, ते पाहू.

अँटिबायोटिक दिले की त्याला बळी पडणारे जंतू मरतात. ज्यांना ते औषध बाधत नाही असे थोडे उरतात आणि मोकळी जागा मिळाल्याने तेच वाढतात. माणसाच्या पोटात हे होते तसे कोंबडीच्या, डुकराच्या, गाईच्या आतड्यातही होते. फरक एवढाच, की पोल्ट्रीत औषध बहुधा खाद्यातून किंवा पाण्यातून, आजारी आणि धडधाकट अशा सगळ्या पक्ष्यांना एकदम जाते. वजन लवकर वाढावे म्हणून थोड्या मात्रेत रोज औषध देण्याची पद्धत तर जंतूंच्या फारच सोयीची.

अमेरिकेत डॉ. स्टुअर्ट लेव्ही यांनी याची प्रत्यक्ष शेतावर चाचणी घेतली आणि १९७६ साली ती प्रसिद्ध केली. बोस्टनजवळच्या एका शेतावर काही कोंबड्यांना टेट्रासायक्लिन गटातले औषध मिसळलेले खाद्य दिले, काहींना साधे. औषधी खाद्य खाणाऱ्या कोंबड्यांच्या आतड्यातले जवळजवळ सगळे जंतू आठवड्याभरात त्या औषधाला दाद देईनासे झाले. पाच-सहा महिन्यांत शेतावर राहणाऱ्या माणसांच्या शौचाच्या सुमारे ३१ टक्के नमुन्यांत अशाच जंतूंचा भरणा दिसला. शेजाऱ्यांच्या नमुन्यांत हे प्रमाण ७ टक्क्यांच्या आसपास होते. औषध खाल्ले कोंबड्यांनी, जंतू बदलले माणसांच्या पोटातले! शिवाय ते जंतू टेट्रासायक्लिनखेरीज इतर औषधांनाही जुमानत नव्हते. दिलासा देणारी गोष्ट अशी, की औषधी खाद्य बंद केल्यावर सहा महिन्यांनी दहापैकी आठ जणांत ते सापडले नाहीत.

नेदरलँड्समध्ये हेच त्वचेवर आणि नाकात राहणाऱ्या एमआरएसए या जंतूबाबत दिसले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या पाहणीत २६ डुक्करपालकांपैकी ६ जणांच्या अंगावर तो आढळला. तिथे आता रुग्णालयात दाखल होताना डुकरे, वासरे, ब्रॉयलर कोंबड्या यांच्याशी रोजचा संबंध आहे का हे विचारतात आणि असल्यास नाकातला स्वॅब तपासतात.

जंतू अंगावर असणे म्हणजे आजार नव्हे, हे इथे स्पष्ट करतो. बहुतेकांना काहीही होत नाही. प्रश्न येतो तो जखम झाली, ऑपरेशन ठरले किंवा लघवीचा संसर्ग झाला, की. तेव्हा नेहमीचे औषध लागू पडत नाही आणि दिवस वाया जातात.

कोंबडीतले जंतू माणसात फार काळ टिकले नाहीत, तरी त्यांचा प्रतिकार मागे राहू शकतो. प्रतिकाराचे जनुक एका जंतूकडून शेजारच्या जंतूकडे जाऊ शकते. आयसीयूमध्ये बाकी औषधे थकली की आम्ही कोलिस्टिन काढतो. त्याला निकामी करणारे असे जनुक २०१५ साली चीनमध्ये डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडल्याचे जाहीर झाले. आपल्याकडेही पोल्ट्रीत कोलिस्टिन वापरले जात होते. जुलै २०१९ मध्ये केंद्र सरकारने अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांत त्यावर बंदी घातली. ती आधीच यायला हवी होती, असे माझे मत.

नीट शिजवलेले चिकन, उकळलेले दूध याची धास्ती नको. उष्णतेने जंतू मरतात. सांभाळायचे ते हातांनी होणाऱ्या कामात: शेण काढणे, लिटर बदलणे, धार काढणे, कासदाह झालेल्या गाईच्या सडात ट्यूब सोडणे. हातावर चीर असेल तर ती झाकून हातमोजे घाला, काम झाल्यावर साबणाने कोपरापर्यंत हात धुवा, शेडमधले कपडे आणि चपला घरात आणू नका. घरात तान्हे बाळ, डायलिसिसवरचा किंवा केमोथेरपी चालू असलेला रुग्ण असेल तर यात हयगय नको. जनावराचे औषध पशुवैद्यकाने सांगितले तेवढेच आणि तितकेच दिवस द्या. दूध किती दिवस डेअरीला घालायचे नाही, हेही त्यांनाच विचारा. आणि जनावरासाठी आणलेले इंजेक्शन किंवा पावडर स्वतःच्या जखमेला मुळीच वापरू नका.

जखम चिघळली, गळू पुन्हा आले किंवा लघवीची जळजळ औषधाने थांबली नाही, तर डॉक्टरांना कामाचे स्वरूप सांगून कल्चर तपासणीबद्दल विचारा. पू किंवा लघवीचा नमुना शक्यतो नवे अँटिबायोटिक सुरू करण्यापूर्वी द्यावा. रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. कोणते औषध चालेल आणि कोणते नाही, हे त्यात लिहिलेले असते. मात्र थंडी वाजून ताप, झपाट्याने पसरणारी लाली किंवा धाप असेल तर रिपोर्टची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठा.