नांगरट, वरंबे आणि विमानांची घरघर

विमानाच्या आवाजावर उपाय काय, असे कोणी विचारले तर आपण म्हणू, उंच भिंत बांधा, नाहीतर दाट झाडी लावा. नांगर फिरवा, असे कोणी म्हणणार नाही. परंतु नेदरलँड्समधील स्खिपोल विमानतळाशेजारी नेमका हाच उपाय सापडला, आणि तो शेतकऱ्यांच्या नेहमीच्या कामातून सापडला. आपल्या शेती-आरोग्याच्या पानावर या विमानतळाची हकीकत देण्याचे आम्ही म्हणूनच ठरविले.

प्रथम त्या जमिनीविषयी. स्खिपोल आज जेथे आहे तेथे पूर्वी हार्लेमरमेर नावाचे मोठे सरोवर होते. वाफेच्या इंजिनांवर चालणाऱ्या तीन प्रचंड पंपगृहांनी १८४९ ते १८५२ या काळात त्यातील पाणी उपसले, आणि तळाच्या चिकणमातीत शेती सुरू झाली. समुद्रसपाटीच्या सुमारे चार मीटर खाली असलेली ही जमीन ताटासारखी सपाट आहे. ना टेकडी, ना चढउतार. १९१६ साली तेथे लष्कराची विमाने उतरू लागली आणि पुढे युरोपातील मोठ्या विमानतळांपैकी एक तेथे उभा राहिला. म्हणजे एका बाजूला गहू, बटाटे, बीट आणि दुसऱ्या बाजूला धावपट्ट्या, असा तो शेजार आहे.

२००३ साली तेथे पोल्डरबान नावाची ३,८०० मीटर लांबीची नवी धावपट्टी सुरू झाली. ती मुख्य इमारतीपासून मुद्दाम इतकी दूर नेली की उतरलेल्या विमानाला फाटकापर्यंत यायला दहा-वीस मिनिटे लागतात. हेतू चांगला होता. विमाने लोकांच्या डोक्यावरून कमी जावीत, म्हणून तेथून उड्डाण फक्त उत्तरेकडे होते. पण विमान उत्तरेला निघाले की इंजिनांचा झोत दक्षिणेकडे पडतो, आणि दक्षिणेला हूफडॉर्प हे गाव! आकाशात विमान दिसत नाही, तरी घरात घरघर सुरू. खिडकीची तावदाने थरथरतात. तक्रारी सुरू झाल्या.

हा आवाज कोणत्या जातीचा आहे हे समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही. शिटीचा आवाज बारीक. तो भिंतीने अडतो. ढोलाचा आवाज जाड; तो भिंतीला वळसा घालतो आणि बंद खिडकीतूनही आत येतो. मिरवणूक दोन गल्ल्या पलीकडे असली तरी ताशा न ऐकू येता ढोल मात्र छातीत जाणवतो, तो याचमुळे. हूफडॉर्पला त्रास देणारा आवाज ढोलाच्या जातीचा होता. त्याची एक लाट सुमारे अकरा मीटर लांबीची असते. असल्या आवाजापुढे साधी भिंत फारशी कामाची नाही, आणि आमच्या माहितीप्रमाणे झाडांच्या दोन-चार ओळीही नाहीत. झाडे लावावीत, पण सावलीसाठी, फळांसाठी. विमानाची घरघर ती थांबवतील अशी आशा धरू नये.

२००८ साली टीएनओ या डच संशोधन संस्थेकडे हे काम सोपविण्यात आले. मोजमाप करताना एक चमत्कारिक गोष्ट ध्यानात आली. पीक निघून शेते नांगरली गेली की आवाज कमी व्हायचा! टणक, सपाट जमिनीवरून आवाज घसरत जातो. उघड्या नांगरटीत तो सऱ्यांमध्ये अडखळतो, ढेकळांवर आपटून वर उडतो, भुसभुशीत मातीत जिरतो. आपल्याकडील वाचकांना हे सहज पटेल. चिखलणी झालेल्या, पाण्याने भरलेल्या भातखाचरावरून पलीकडच्या वाडीतील बोलणे जसे स्पष्ट ऐकू येते, तसे कोरड्या नांगरटीवरून येत नाही.

मग विचार झाला की नांगरट तर काही आठवडेच टिकते; ती बारमाही का करू नये? एच+एन+एस ही भूदृश्यरचनाकारांची संस्था आणि पॉल द कोर्ट हे कलावंत यांनी मिळून सुमारे ऐंशी एकरांवर सरी-वरंब्याची रचना आखली. वरंबे दीडशे, आणि उंची पुरुषभर. ऊस लावताना आपण जे हातभर उंचीचे वरंबे काढतो, त्यांचेच हे थोरले भाऊ म्हणा. दोन वरंब्यांमधले अंतर सुमारे अकरा मीटर, म्हणजे त्या आवाजाच्या एका लाटेएवढे. अंतर चुकले तर उपाय फसणार, म्हणून उपग्रहावरून दिशा घेणाऱ्या यंत्रांनी माती रेषेत ओढली. २०१३ साली हे उद्यान लोकांसाठी खुले झाले. नाव बाउटनस्खोट. वरंब्यांमधून सायकलीच्या वाटा आहेत, खेळायला जागा आहेत.

कलावंताला येथे काय काम, असे वाटेल. द कोर्ट यांनी अर्न्स्ट क्लादनी या जर्मन शास्त्रज्ञाची आठवण ठेवली. अठराव्या शतकात क्लादनीने धातूच्या पत्र्यावर वाळू पसरली, पत्र्याच्या कडेवर व्हायोलिनचा गज फिरविला, आणि सुरागणिक वाळूच्या वेगवेगळ्या रांगोळ्या उमटताना लोकांना दाखविल्या. उद्यानातील एका तळ्याला त्याचेच नाव आहे.

आता उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. वरंबे फक्त जमिनीवरून सरकणारा आवाज अडवतात. उडालेल्या विमानाचा आवाज वरून येतो. त्याला वरंबा काय करणार? त्यासाठी उपाय निराळे. गोंगाटाच्या पट्ट्यातील घरांना दुहेरी काचा व छताला अस्तर, कमी वस्तीवरून जाणारे मार्ग, उभ्या विमानाला विजेची जोडणी म्हणजे त्याचे पोटइंजिन बंद ठेवता येते, असे ते आहेत. आणि सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे विमानेच कमी करणे. तो कोणत्याच विमानतळाला आवडत नाही.

पोल्डरच्या शेतकऱ्यांचा विमानतळाशी आणखी एक संबंध आहे, तो जंगली हंसांमुळे. ६ जून २०१० रोजी मोरोक्कोच्या एका बोइंग ७३७ विमानाला उड्डाण होताच हंसांचा थवा आदळला आणि डावे इंजिन निकामी झाले. वैमानिकाने विमान खालून वळवून सुखरूप उतरविले, पण सर्वांची झोप उडाली. कापणीनंतर शेतात सांडलेले धान्य टिपायला हंस येतात. म्हणून कापणी होताच धसकटे आणि सांडलेले दाणे ताबडतोब मातीआड करावेत, असे शेतकऱ्यांशी ठरले. त्याचा मोबदलाही ठरला, हे महत्त्वाचे. काहींनी हत्तीगवत लावले. पुरुषभराहून उंच वाढणाऱ्या त्या दाट गवतात हंस उतरत नाहीत. नांगराचा दुहेरी उपयोग झाला तो असा.

आरोग्याचे म्हणाल तर आवाज ही नुसती चिडचिड नव्हे. झोप मोडते, रक्तदाब वाढतो, हृदयविकाराचा धोका वाढतो. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत स्खिपोल, लंडनचे हीथ्रो आणि माद्रिदचे बाराहास या विमानतळांजवळच्या ८९ शाळांतील ९-१० वर्षांची २,८४४ मुले तपासली. विमानांचा आवाज जेथे जास्त, तेथे मुलांचे वाचन मागे पडलेले आढळले. पाच डेसिबल आवाज वाढला की इंग्लंडमधील मुले सुमारे दोन महिने, डच मुले महिनाभर मागे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली युरोपसाठी दिलेल्या सल्ल्यात विमानांचा सरासरी आवाज ४५ डेसिबलच्या खाली आणि रात्री ४० च्या खाली असावा असे म्हटले आहे.

स्खिपोलच्या शेजाऱ्यांचे वरंब्यांनी समाधान झाले, असे कोणी समजू नये. ते न्यायालयात गेले. २० मार्च २०२४ रोजी हेगच्या न्यायालयाने निकाल दिला की सरकारने वर्षानुवर्षे विमानवाहतुकीचे हित पुढे आणि रहिवाशांचे मागे ठेवले. २०२५ साली सरकारने वर्षाच्या फेऱ्यांची मर्यादा ५,००,००० वरून ४,७८,००० वर आणण्याचे ठरविले. रहिवाशांना हे थोडे वाटते, विमान कंपन्यांना फार. आमचे मत विचाराल तर रात्रीची झोप ज्याची मोडते त्याचे म्हणणे आधी ऐकावे.

आता आपल्याकडे. पेडणे तालुक्यात मोपाच्या पठारावरून ५ जानेवारी २०२३ पासून विमाने सुरू झाली. त्याआधी मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या प्रकल्पाची पर्यावरण परवानगी स्थगित केली होती. जानेवारी २०२० मध्ये स्थगिती उठली ती अटी घालून. मोपाचे पठार कातळाचे आहे. तेथे चिकणमातीचे वरंबे जसेच्या तसे उचलून आणता येणार नाहीत, आणि कातळ खणला तर पायथ्याच्या झऱ्यांचा प्रश्न येतो. बेळगावजवळ सांबऱ्याला मात्र माती आहे, शेती आहे. तेथे हा विचार करून पाहण्यासारखा आहे.

आपल्या केंद्र सरकारने २०१८ साली विमानतळ-परिसरासाठी आवाजाची मर्यादा घातली : गजबजलेल्या विमानतळांना दिवसा ७० व रात्री ६५ डेसिबल, इतरांना ६५ व ६०. मोजण्याची रीत थोडी वेगळी असली, तरी आरोग्य संघटनेच्या रात्रीच्या ४० शी हे आकडे ताडून पाहावेत.

आणि एक व्यवहाराची गोष्ट. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेप्रमाणे नव्या विमानतळासाठी जनसुनावणी घ्यावी लागते. तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघाली पाहिजे आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेतही मिळाला पाहिजे. तो मागून घ्यावा, आवाजाचा नकाशा त्यात आहे का ते पाहावे, आणि आपली वाडी, शाळा व दवाखाना त्या नकाशात कोणत्या रेषेच्या आत पडतात ते सुनावणीच्या दिवशी लेखी विचारावे.