शंभर तास उडाल्यावर

विमान शंभर तास उडालं की त्याचे भाग बदलतात, अशी अनेकांची कल्पना असते. वैमानिक घडवणाऱ्या शाळांचं आवडतं सेस्ना १७२ तपासणीला हँगरमध्ये येतं, तेव्हा मात्र बदलण्यापेक्षा बघण्याचं आणि ऐकण्याचंच काम जास्त असतं.

जुना ऑइल फिल्टर काढला तरी लगेच फेकत नाहीत. तो कापून आतला घड्यांचा कागद उलगडतात आणि चमकणारे कण शोधतात. लोहचुंबकाला चिकटले तर पोलादी भाग झिजतोय. न चिकटणारे बहुधा अ‍ॅल्युमिनियमचे. मग कॉम्प्रेशन टेस्ट. सिलिंडरमध्ये ८० पीएसआय दाबाची हवा सोडायची आणि किती टिकते ते पाहायचं. आकडा घसरला की मुरलेला मेकॅनिक कान लावतो. फुसफुस एक्झॉस्टच्या नळीतून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह गळतोय. तेल भरण्याच्या तोंडाशी जोरात आली तर पिस्टनच्या रिंगांवर संशय.

वार्षिक तपासणी मोठी आणि शंभर तासांची किरकोळ, हाही गैरसमजच. अमेरिकी नियमांत दोन्हींची यादी एकच आहे. वार्षिक तपासणीवर सही करायला मेकॅनिककडे जादा अधिकारपत्र लागतं, इतकाच काय तो फरक. शंभरावर १० तासांची सवलत मिळते, पण ती तपासणीच्या जागी पोहोचण्यापुरतीच. वापरलेले तास पुढच्या शंभरातून वजा होतात.

‘फारसं न उडालेलं, अगदी नव्यासारखं’ हे विकणाऱ्याचं लाडकं वाक्य ऐकून तर सावध व्हावं. सेस्ना १७२ मध्ये सहसा असणाऱ्या लायकमिंग इंजिनात व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो. विमान महिनोन्महिने उभं राहिलं की त्यावरचं तेल निथळून खाली जातं आणि दमट हवेत कॅमवर गंज धरतो. समुद्राकाठच्या जुहू विमानतळावर हे वेगळं सांगायला नको. म्हणूनच कंपनी तेल आणि फिल्टर बदलायला ५० तास किंवा ४ महिने, जे आधी होईल ते, अशी मुदत घालते.

आणि नुकतंच तपासून आलेलं विमान सर्वांत भरवशाचं? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश हवाई दलाच्या कोस्टल कमांडमध्ये जीवशास्त्रज्ञ सी. एच. वॉडिंग्टन आणि सहकाऱ्यांनी लिबरेटर विमानांच्या नोंदी तपासल्या. ५० तासांच्या तपासणीनंतर लगेच बिघाड वाढत आणि पुढे हळूहळू कमी होत. धडधाकट यंत्रणा उगाच उघडल्या जात होत्या.

२००३ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या शार्लटहून उडताच एअर मिडवेस्टचं छोटं बीच १९००डी कोसळलं आणि सगळे २१ जण गेले. आदल्याच देखभालीत एलिव्हेटरच्या, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळीच्या, केबल चुकीच्या जुळवल्या गेल्या होत्या, कामातल्या काही पायऱ्या वगळल्या होत्या. त्यात विमानाचा भार मर्यादेपलीकडे मागे गेलेला. देखभालीनंतर उडण्याआधी वैमानिक योक म्हणजे सुकाणू टोकापर्यंत डावीकडे फिरवून डाव्या पंखावरची फळी, एलेरॉन, वरच जातो ना हे पाहतो, मग उजवीकडे, मग पुढे-मागे एलिव्हेटर. दोन्ही टोकांपर्यंत.