शाळेचा पट वाढवायचा, तर मेळावा नीट भरवा
व्यापारी व कारागीर बंधूंनी लक्ष घालण्याजोगा विषय

आपल्या मोहल्ल्यातील शाळा हा केवळ संस्थाचालकांचा विषय आहे, असे आपण व्यापारी मंडळी समजून चालतो. वर्गणी मागायला कोणी आले की पावती फाडायची आणि पुन्हा गल्ल्यावर बसायचे, एवढाच आपला शाळेशी संबंध उरला आहे. पण त्या शाळेचा पट घसरला तर त्याची झळ आपल्यालाच बसणार आहे. अनुदानित शाळेला किती शिक्षक मंजूर व्हायचे, हे ३० सप्टेंबरच्या पटावर ठरते. पट कमी झाला की शिक्षक अतिरिक्त ठरतात, तुकडी बंद होते आणि बंद पडलेली तुकडी पुन्हा मिळवणे फार कठीण असते. जवळची शाळा गेली की पहिला फटका मुलींच्या तालमीला बसतो. मुलगा लांबच्या शाळेत सायकलने जाईल. मुलीला मात्र घरी बसवले जाईल.

पट वाढवण्याचा एक जुना मार्ग म्हणजे शाळेचे मेळावे, प्रदर्शने आणि स्नेहसंमेलने. हे कार्यक्रम आपल्याकडे होत नाहीत असे नाही. पण त्यांचे स्वरूप काय असते? व्यासपीठावर पंधरा खुर्च्या, शाल-श्रीफळ, एकामागून एक भाषणे, आणि मुले बिचारी उन्हात बसलेली. पाहुणे खूश होऊन जातात. आपल्या मुलाला या शाळेत घालावे की नाही, या विचारात असलेला बाप जसा आला तसाच परत जातो. गिऱ्हाईक दुकानात आले आणि मालच दाखवला नाही, तर विक्री कशी होणार?

तारीख आधी पाहा

दुकानदार हंगाम पाहून माल भरतो. शाळेनेही तसेच करावे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्याने रमजान दरवर्षी तितका मागे सरकतो. २०२६ मध्ये तो फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात सुरू झाला. २०२७ मध्ये फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास येईल. म्हणजे सध्या काही वर्षे रमजान आणि दहावी-बारावीच्या परीक्षा एकमेकांना खेटून आहेत. त्या काळात ना बाजाराला फुरसत, ना शिक्षकांना. म्हणून मोठा मेळावा रमजानपूर्वी घ्यावा आणि प्रवेशाची छोटी बैठक ईदनंतर, उन्हाळी सुट्टी लागण्याआधी.

११ नोव्हेंबर हा मौलाना आझादांचा जन्मदिन २००८ पासून राष्ट्रीय शिक्षण दिन म्हणून पाळला जातो. ३ जानेवारी हा सावित्रीबाई फुले यांचा जन्मदिन. सावित्रीबाईंच्या १८५६ च्या एका पत्रात त्यांच्या सहकारी फातिमा यांचा उल्लेख आहे, हे आपल्या मुलींना या निमित्ताने जरूर सांगावे. वारही पाहावा. ज्या गावात माग आणि कारखाने शुक्रवारी बंद असतात, तेथे जुमाच्या नमाजनंतरची वेळ उत्तम. कारागिराचा एक दिवसाचा रोज बुडवून त्याला बोलावू नये.

काय दाखवावे?

बापाच्या मनात चार प्रश्न असतात. मुलाला वाचता-लिहिता येईल का? इंग्रजी आणि मराठी जमेल का? मुलींसाठी स्वच्छतागृह आणि सुरक्षितता आहे का? आणि सातवी-आठवीनंतर पुढे काय? मेळाव्याने या चारही प्रश्नांची उत्तरे डोळ्यांपुढे ठेवावीत. तिसरीच्या मुलाने पालकांसमोर उर्दू, मराठी आणि इंग्रजी उतारा वाचून दाखवला, तर त्याचे वजन दहा भाषणांहून अधिक असते. वर्ग आणि स्वच्छतागृहे उघडी ठेवावीत. याच शाळेतून शिकून शिक्षक, परिचारिका, वीजतंत्री, हिशेबनीस झालेल्या चार जणांना बोलते करावे. मातांसाठी वेगळी बैठक ठेवावी. प्रवेशाचा निर्णय अनेक घरांत त्याच घेतात.

येथेच आपले काम सुरू होते. शाळेने एक दालन कारागिरांना द्यावे. शिंप्याने इंचपट्टीने मापे कशी काढतात ते दाखवावे. वेल्डिंगवाल्याने काटकोन कसा साधतात, बेकरीवाल्याने मैद्याचे प्रमाण आणि भट्टीचे तापमान कसे सांभाळतात, हे मुलांना समजवावे. पाठ्यपुस्तकातले गणित बाजारात रोज लागते, हे मुलाला दिसेल. ‘शिकून काय करणार, शेवटी धंद्यातच यायचे आहे’ असे म्हणणाऱ्या बापालाही कळेल की शिकलेला मुलगा धंदा अधिक चांगला करतो.

कागदपत्रांचे टेबल

आमच्या मते मेळाव्यातील सर्वांत उपयोगी जागा ही. पहिलीच्या प्रवेशाच्या वेळी सहसा जन्माचा दाखला आणि आधार मागितले जाते. अनेक घरांत दाखल्यावरचे नाव एक, आधारवरचे दुसरे, अशी स्थिती आहे. शाळेच्या कारकुनाने आणि मोहल्ल्यातल्या दोन शिकलेल्या तरुणांनी तेथे बसून कोणाचे काय अडले आहे ते लिहून घ्यावे.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची. महाराष्ट्रात अनेक मुस्लिम कारागीर बिरादऱ्या इतर मागासवर्गात मोडतात. त्या दाखल्यासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा महाराष्ट्रातील वास्तव्याचा पुरावा लागतो. असा पुरावा पुष्कळदा आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये पडून असतो. जुन्या शाळांनी ही रजिस्टरे जपावीत आणि मेळाव्याच्या दिवशी उतारा कसा मिळतो हे सांगावे. आजोबांचे नाव ज्या रजिस्टरात सापडले, त्या शाळेशी कुटुंबाचे नाते आपोआप जुळते.

पैशाचा हिशेब

खर्चाची अंदाजपत्रके वाढवू नयेत. समजा, वीस हजार रुपये जमले. त्यातले पंधरा हजार मंडप, कमान आणि हारतुऱ्यांवर गेले, तर मुलांच्या प्रदर्शनाला काय उरणार? मंडपवाला, छापखानेवाला, चहावाला आपलेच बंधू आहेत. त्यांनी रोख वर्गणीऐवजी आपले काम द्यावे. शाळेने त्याची नोंद वहीत ठेवावी आणि मेळाव्यानंतर जमाखर्च फलकावर लावावा. ज्या संस्थेचा हिशेब उघडा असतो, तिला पुढच्या वर्षी मागावे लागत नाही.

जकातीची रक्कम मंडप आणि नाश्त्यावर खर्च करू नये. जकातीचे हकदार ठरलेले आहेत. ती गरीब विद्यार्थ्यांसाठी कशी वापरावी, हे उलेमांना विचारूनच ठरवावे. मेळाव्याचा खर्च इमदादच्या रकमेतून व्हावा. जे व्यापारी आयकराच्या जुन्या पद्धतीने विवरण भरतात, त्यांनी लक्षात ठेवावे की दोन हजार रुपयांवरील रोख देणगीला करसवलत मिळत नाही. मोठी रक्कम धनादेशाने किंवा बँकेमार्फतच द्यावी.

मेळाव्यानंतरचे काम

खरी कसोटी दुसऱ्या दिवशी सुरू होते. प्रवेशद्वारावर वही ठेवून आलेल्या प्रत्येक पालकाचे नाव, गल्ली आणि मुलाचे वय लिहून घ्यावे. आठ दिवसांच्या आत शिक्षक आणि मोहल्ल्यातील एक जबाबदार माणूस अशा जोडीने त्या घरी जावे. शंभर नावे मिळाली, चाळीस अर्ज भरले गेले आणि जूनमध्ये तीस मुले वर्गात बसली, तर राहिलेली सत्तर कोठे गेली याची चौकशी व्हावी. फीमुळे, अंतरामुळे, की शिक्षकांबद्दलच्या तक्रारीमुळे? पुढच्या वर्षीची सुधारणा त्यातूनच सुचेल. शाळेत शिकवणे नीट होत नसेल, तर मात्र कोणताही मेळावा पट वाढवणार नाही, हेही संस्थाचालकांना स्पष्ट सांगायला हवे.

१८७४ मध्ये मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंजुमन-ए-इस्लाम उभी केली. शिक्षणाचे हे काम आपल्याच लोकांनी हाती घेतले, म्हणून आज पिढ्यान्‌पिढ्या मुले तेथे शिकत आहेत. तेवढे मोठे काम प्रत्येकाच्या हातून होणार नाही. पण आपल्या मोहल्ल्यातील शाळेच्या मेळाव्यासाठी वर्षातला एक दिवस, दुकानातला एक माणूस आणि आपल्या हुनरचे एक टेबल देणे बागवान, मणियार, अत्तार, मोमीन, शिकलगार या प्रत्येकाला शक्य आहे. संस्थाचालकांनी तारीख ठरवण्यापूर्वी या मंडळींना एकदा बोलवावे आणि त्यांनीही बोलावण्याची वाट पाहू नये. इन्शाअल्लाह, येत्या जूनमध्ये आपल्या शाळेची एकही तुकडी बंद पडणार नाही.