भाड्याची खोली आणि कोट्याची फरशी

यजमानांच्या नोकरीमुळे आम्ही बेळगाव सोडून सुरतेला आलो. अडाजणला तळमजल्यावर दोन खोल्या घेतल्या आणि पुढे वरच्या मजल्यावर राहायला गेल्यावर त्या भाड्याने दिल्या. 'भाडेकरूसाठी कशाला जास्त खर्च?' हा विचार आमच्याही मनात होताच. स्वस्तातले डिस्टेंपर, प्लायवूडची कपाटे, न्हाणीला साधे लाकडी दार असा बेत ठरला. फरशीच्या बाबतीत मात्र सासूबाई अडून बसल्या. मुलाला कानडीतच म्हणाल्या, "कल्ल हाको!" दगडच घाल. त्यांचे बालपण शहाबादी फरशीवर गेलेले. कलबुर्गीजवळचे शहाबाद सुरतेहून लांब. तिथे मिळतो तो राजस्थानातला कोटा. तोच घातला.

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेल्या पाण्याने तापीला महापूर आला. पाणी ओसरले तेव्हा खोल्यांत चिखल होता. कपाटे फुगली, न्हाणीचे दार उकलले. कोटा मात्र खराट्याने घासून धुतला आणि पूर्वीसारखा झाला.

खरी चूक त्यानंतर झाली, आणि ती आमचीच. भाडे थांबले होते, म्हणून घाई केली. भिंती पुरत्या वाळायच्या आतच चकचकीत ऑइलपेंट मारला. जळगावकडचे एक कुटुंब तान्हे बाळ घेऊन राहायला आले. दोन महिन्यांत रंगाला फुगे आले, पोपडे निघाले, कुबट वास सुटला. बाळाची आई म्हणाली, "वहिनी, रंग छान आहे हो, पण भिंत रडते." ते खोली सोडून गेले. डिपॉझिट पूर्ण परत दिले, पण ते वाक्य मनातून गेले नाही. ऑइलपेंट ओल बाहेर येऊ देत नाही. त्याऐवजी नुसता चुना मारून भिंत वाळू दिली असती तर!

तेव्हापासून काही नियम पाळते. भिंत वाळल्याशिवाय ऑइलपेंट नाही. तो फक्त खालच्या चार फुटांवर, मुलांचे हात लागतात तिथे. वर साधा फिका रंग. रंगाचा नंबर वहीत लिहून ठेवायचा, म्हणजे पुढे तेवढाच भाग रंगवता येतो. कोटा आणि शहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड. अ‍ॅसिडने त्यांचा रंग उडतो. म्हणून संडास-न्हाणीत मोरबीच्या खरखरीत टाइल्स, आणि दार पीव्हीसीचे. ओट्याला कडप्पा नको, तोही चुनखडीचाच. लिंबू-चिंचेचे डाग पडतात. काळा ग्रॅनाइट बरा. नळ पितळी. भाडेकरू खिळे ठोकणारच, म्हणून भिंतीवर खुंट्यांची लाकडी पट्टी आपणच लावून द्यावी.

हिशेब सोपा आहे. बारा हजारांचे काम दोन वर्षे टिकले तर वर्षाला सहा हजार पडतात. अठरा हजारांचे सहा वर्षे टिकले तर तीनच हजार, शिवाय दुरुस्तीसाठी खोली रिकामी राहत नाही.

आता खोली देण्यापूर्वी मी प्रत्येक भिंतीला तळहात लावून बघते. गार, ओलसर लागली तर सरळ सांगते, "महिनाभर थांबा." एका महिन्याचे भाडे बुडते. बुडू दे. त्या खोलीत कुणाचे तरी बाळ झोपणार असते.