जांभळाचं झाड जांभळांशिवाय कसं ओळखायचं?

जांभळाचं झाड ओळखता येतं का, असं कुणाला विचारलं तर बहुतेक जण हसतील. झाडाखालचा रस्ता जांभळा झाला की ते जांभूळ, त्यात विचारायचं काय? अडचण एवढीच की फळं झाडावर फार तर दीड-दोन महिने असतात, साधारण मेपासून पावसाच्या सुरुवातीपर्यंत. उरलेलं वर्षभर जंगलात हे झाड म्हणजे गर्दीतलं आणखी एक गडद हिरव्या पानांचं झाड. आणि आम्हा जंगलात झाडं मोजणाऱ्यांचं बरंचसं काम नेमकं तेव्हाच चालतं, जेव्हा ना फूल असतं ना फळ.

अशा वेळी उपयोगी पडतं ते झाडाचं वर्णन. कुठल्याही फ्लोरात (म्हणजे एखाद्या प्रदेशातल्या वनस्पतींची वर्णनं असलेल्या ग्रंथात) जांभळाबद्दल साधारण असं काहीतरी सापडेल:

सदाहरित वृक्ष, उंची ३० मीटरपर्यंत. साल बुंध्याशी खडबडीत, वर फिकट राखाडी, गुळगुळीत. पाने साधी, सम्मुख, चिवट, सुमारे ६ ते १२ सेंमी. लांब, पारदर्शक ठिपके असलेली. उपशिरा असंख्य, जवळजवळ, कडेलगतच्या शिरेस मिळणाऱ्या. फुलोरा बहुधा पर्णहीन फांदीवर. पाकळ्या ४, एकत्र टोपीसारख्या गळणाऱ्या. केसरदले अनेक. किंजपुट अधःस्थ. मृदुफळ, एकबीजी.

वाचायला कंटाळवाणं आहे, मान्य. पहिल्यांदा वाचलं तर तार वाचल्यासारखं वाटतं. पण यातला एकेक शब्द म्हणजे झाडाखाली उभं राहून विचारायचा एकेक प्रश्न आहे. या पोस्टमध्ये ती तार उलगडून बघू.

'सम्मुख' म्हणजे पानं फांदीवर समोरासमोर, जोडीजोडीनं. हा पहिला प्रश्न, कारण एका फटक्यात अर्ध्याहून जास्त झाडं बाद होतात. आंबा, फणस, वड, पिंपळ यांची पानं एकाआड एक येतात. जांभूळ ज्या प्रजातीतलं आहे तिचं नाव 'सिझिजियम', आणि ते ज्या ग्रीक शब्दावरून आलं त्याचा अर्थ 'जोडलेलं', एका जुवाला जुंपलेल्या बैलांसारखं.

पण समोरासमोर पानं अनेकांची असतात. महाबळेश्वरच्या जंगलाचं उदाहरण घ्या. तिथल्या सदाहरित जंगलाला वनस्पतिशास्त्रात तिथल्या तीन मुख्य झाडांवरूनच नाव दिलंय: मेमेसायलॉन–सिझिजियम–ॲक्टिनोडॅफ्नी. आपल्या भाषेत अंजनी, जांभूळ आणि पिसा. पिशाची पानं फांदीच्या टोकांना झुपक्यानं येतात, तो लगेच वेगळा पडतो. अंजनी आणि जांभूळ मात्र दोघंही गडद हिरवे, चिवट, चकचकीत आणि समोरासमोर पानांचे. अंजनी फुलली की प्रश्नच नाही, निळीजांभळी फुलं फांद्यांना चिकटून येतात. फुललेली नसेल तर पान हातात घ्यावं लागतं.

आता ते पान उजेडाकडे धरा. जांभळाच्या पानात सुईनं टोचल्यासारखे बारीक बारीक उजळ ठिपके दिसतात. दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर फारच छान. या तैलग्रंथी, पानाच्या आतल्या तेलाच्या सूक्ष्म पोकळ्या. पान चुरगाळलं की त्या फुटतात आणि टर्पेंटाइनसारखा वास येतो (मला त्यात कैरीच्या चिकाचा वास येतो, पण वासावर वाद घालू नये). अंजनीच्या पानात हे ठिपके नाहीत आणि असा वासही नाही. पेरू, निलगिरी, लवंग ही सगळी जांभळाच्याच कुळातली. निलगिरीचं पान चुरगाळून बघितलं असेल तर त्या कुळाची खूण तुम्हाला आधीच माहीत आहे. या कुळाचं शास्त्रीय नाव मिर्टेसी, मिर्टल नावाच्या भूमध्य समुद्राकडच्या झुडपावरून. ते झुडूप आपल्याकडं कुणाच्या ओळखीचं नाही, म्हणून मराठीत त्याला सरळ 'जंबुल कुल' म्हणतात. मला हे नाव जास्त आवडतं.

दुसरी खूण म्हणजे 'कडेलगतची शीर'. जांभळाच्या पानाच्या मधल्या शिरेतून दोन्ही बाजूंना ढीगभर बारीक शिरा निघतात, एकमेकींपासून एकदोन मिलिमीटरवर, जवळजवळ समांतर. पण त्या पानाच्या कडेपर्यंत पोचत नाहीत. कडेच्या जेमतेम मिलिमीटरभर आत एक सलग शीर पानाला वळसा घालून जाते, तिला त्या सगळ्या मिळतात. गावातल्या गल्ल्या वेशीलगतच्या रस्त्याला मिळाव्यात तशा. आंब्याच्या पानात अशी सलग रेघ दिसत नाही. अंजनीच्या जाड पानात तर बाजूच्या शिराच नीट दिसत नाहीत. समोरासमोर पानं, पारदर्शक ठिपके आणि कडेलगतची शीर, या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की सह्याद्रीच्या जंगलात तुम्ही जंबुल कुलापर्यंत पोचलात असं समजायला हरकत नाही.

कुळापर्यंत. जांभळापर्यंत नाही. खरी गंमत आणि खरी अडचण इथून पुढं सुरू होते.

सिझिजियम प्रजातीत जगभरात सुमारे १,२०० जाती आहेत. आफ्रिकेपासून पॅसिफिक बेटांपर्यंत पसरलेली ही झाडांची सगळ्यात मोठी प्रजाती मानली जाते. (वनस्पतिशास्त्राच्या मराठीत 'प्रजाती' मोठी आणि 'जाती' लहान. वर्तमानपत्रात बहुधा उलटं छापतात.) पश्चिम घाटात त्यांतल्या बऱ्याच आहेत आणि काही जगात दुसरीकडं कुठंच नाहीत. कोकणातलं भेडस घ्या: पान टोकाकडं रुंद आणि बोथट, देठ अगदी आखूड, फळं छोटी गोल. ओढ्याच्या पात्रात दगडांमध्ये उगवणारं पाणजांभूळ अरुंद, लांबट पानाचं. आणखी एका जातीच्या पानाला शेपटीसारखं लांब टोक असतं आणि फळं चक्क पांढरी. आपल्या नेहमीच्या जांभळाचं पान मधोमध रुंद आणि देठ एक-दोन सेंटिमीटरचा. पण एकाच झाडावर सावलीतलं पान आणि उन्हातलं पान इतकी वेगळी असू शकतात की नुसत्या आकारावर विसंबू नये. म्हणून वर्णनातलं 'फुलोरा बहुधा पर्णहीन फांदीवर' हे वाक्य सोन्यासारखं. भेडसाचा फुलोरा फांदीच्या शेंड्याला येतो. जांभळाचा बहुधा पानांच्या मागं, फांदीच्या जुन्या, पानं गळून गेलेल्या भागावर. फुलं संपल्यावरही फुलोऱ्याच्या वाळक्या काड्या काही काळ तिथंच राहतात, म्हणजे फुलं नसतानाही कधी कधी हा प्रश्न विचारता येतो.

एवढा काथ्याकूट कशासाठी? कारण एखाद्या जंगलाच्या पाहणीच्या यादीत सगळ्या सिझिजियमसमोर 'जांभूळ' एवढंच लिहिलं, तर त्या यादीत सगळीकडं सापडणारं एक झाड उरतं आणि दुर्मिळ झाडं कागदावरून नाहीशी होतात. त्या यादीवरून पुढं कुणी ठरवणार असेल की हा तुकडा राखायचा की तोडायचा, तर 'इथं विशेष काही नाही' हा निष्कर्ष तयारच असतो. केरळ-कर्नाटकातल्या गोड्या पाण्याच्या दलदलीच्या जंगलांत 'सिझिजियम ट्रावनकोरिकम' नावाची एक जात आहे, आययूसीएनच्या यादीत अतिसंकटग्रस्त. लांबून बघणाऱ्याला तेही एक जांभूळच.

आता फूल. जांभळाचं फूल इतकं लहान की घरी उघडून बघणं कठीण. त्यावर उपाय स्वयंपाकघरात आहे. लवंग हीसुद्धा सिझिजियमच, आणि आपण मसाल्यात टाकतो ती तिची न उमललेली, वाळवलेली कळी. चार-पाच लवंगा तासभर कोमट पाण्यात भिजवा आणि ब्लेडनं उभ्या कापा. आपण जिला लवंगेची काडी समजतो तो देठ नाही. तो फुलाचा पेला, म्हणजे पुष्पासन, आणि त्याच्या वरच्या भागात आत छोटंसं किंजपुट दडलेलं असतं. वरचे चार दात म्हणजे संदलं. त्यांच्यामधली गोटी म्हणजे एकमेकींवर मिटलेल्या चार पाकळ्या, आणि गोटीच्या आत दुमडून ठेवलेली ढीगभर केसरदलं. जांभळाची रचना हीच, फक्त पेला आखूड, नरसाळ्यासारखा. फूल उमलताना पाकळ्या एकेक करून उघडत नाहीत. चौघी मिळून टोपीसारख्या निसटून पडतात. म्हणजे फुललेल्या जांभळावर आपल्याला जे पांढरट, मऊ झुबके दिसतात, त्यांत पाकळी नसतेच. ते सगळे केसर. आणि पेला मधानं भरलेला असतो, उघडा, कुणीही येऊन प्यावं असा. महाबळेश्वरला मिळणारा जांभूळ मध त्यातूनच येतो.

'किंजपुट अधःस्थ' याचा अर्थ फळ लागल्यावर जास्त नीट कळतो. वांग्याची हिरवी टोपी, म्हणजे संदलं, देठाशी असते. पेरूची मात्र देठाच्या विरुद्ध टोकाला, तो सुकलेला मुकुट. वांग्यात किंजपुट संदलांच्या वर असतं, पेरूत खाली, पेल्याच्या आत. पुढच्या वेळी जांभूळ खाताना देठाच्या विरुद्ध टोकाला बघा, बारीक गोल कड आणि मध्ये खळगा दिसेल. ती पेल्याची कड.

नावाबद्दल थोडं सांगायलाच हवं, कारण जुने कागद चाळताना त्याचा फार त्रास होतो. लिनीयसनं १७५३ मध्ये या झाडाला 'मिर्टस क्युमिनाय' म्हटलं. लामार्कनं १७८९ मध्ये 'युजेनिया जांबोलाना'; यातलं जांबोलाना आपल्याच जांभळावरून. १९१२ मध्ये स्कील्सनं आजचं नाव दिलं, 'सिझिजियम क्युमिनाय'. मुंबई इलाख्याचा कुकचा प्रसिद्ध फ्लोरा त्याआधीचा असल्यामुळं त्यात जांभूळ शोधायचं तर युजेनियाखाली शोधावं लागतं, आणि हर्बेरियममधल्या अनेक जुन्या नमुन्यांवरही तेच नाव. युजेनिया आणि सिझिजियम एकच की वेगळ्या, हा वाद पुढंही बरीच वर्षं चालला. १९७२ मध्ये रुडॉल्फ श्मिड यांनी किंजपुटाच्या आत बघून त्याला उत्तर दिलं: बीजांडांना रसद पुरवणाऱ्या वाहिन्या युजेनियात मधल्या पडद्यातून आरपार जातात, सिझिजियममध्ये मधल्या अक्षातून वर येतात. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन घरांची नळजोडणी वेगळी निघाली म्हणा ना. लवंगेलाही पूर्वी युजेनियाच म्हणत, म्हणून तिच्या तेलातल्या मुख्य घटकाचं नाव 'युजेनॉल'. झाडाचं नाव बदललं, तेलाचं राहून गेलं.

शेवटचा शब्द 'एकबीजी'. फळात बी एकच असते, पण ती साधी नाही. वटवाघळं, उदमांजरं, धनेश, बुलबुल फळं खाऊन बिया लांब नेऊन टाकतात. ही बी वाळवून डब्यात ठेवता येत नाही. वाळली की मरते, दोनेक आठवड्यांत तिची रुजायची ताकद जाते. फळं पावसाच्या तोंडावर पिकतात ते तिच्या पथ्यावर पडतं. आणि एका बीत बहुधा एकाहून जास्त भ्रूण असतात. त्यांतले काही फलनाशिवाय थेट आईच्या ऊतीतून तयार झालेले, म्हणजे हुबेहूब आईसारखे. यंदा जांभळं खाल्लीत तर चार-सहा बिया धुऊन त्याच दिवशी कुंडीत लावा. एका बीतून दोन-तीन कोंब वर येताना दिसतील.

जंगलात याचा परिणाम असा की मोठ्या झाडाखाली जांभळाची रोपं झुपक्याझुपक्यानं दिसतात आणि रोपांची संख्या म्हणजे रुजलेल्या बियांची संख्या नव्हे. म्हणून पावसाळ्यातल्या मोजणीत मी झुपक्यातल्या रोपांच्या मुळाशी बोटानं माती थोडी बाजूला करून बघते, खाली बी एक आहे की दोन, आणि वहीत दोन्ही आकडे वेगवेगळे लिहिते.